मिनिटाची वाटी

सोनाबाईच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी मी वाटी घासली.

पुढचं सगळं या एका वाक्यातून निघालं, म्हणून ते आधी लिहून ठेवते. सोनाबाई माझी थोरली बहीण. तिला जाऊन चार महिने झाले. तिच्याविषयी लिहायला बसलं की तिच्या आधी मीच कागदावर उतरते. ही माझी जुनी खोड तिला ठाऊक होती. 'तू पत्र लिहितेस तेव्हा ख्यालीखुशाली मायी विचारतेस आन् सांगतेस आपली,' असं ती म्हणायची. या वेळी मी सावकाश लिहिणार आहे. घाई करण्यासारखं आता काही राहिलेलं नाही.

आमचं घर नवेगाव बांधाच्या अलीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून होतं. वडील गावच्या तलावाचे पाणकर होते. धानाच्या कोणत्या बांधीत किती वेळ पाणी जाऊ द्यायचं, हे ते ठरवत. त्यासाठी त्यांच्याकडे तांब्याची एक मोठी वाटी होती, बुडाला भोक असलेली. घमेल्यातल्या पाण्यावर ती सोडायची. भोकातून पाणी भरत भरत ती बुडाली की एकाची पाळी संपली आणि दुसऱ्याची सुरू झाली. गावात दुसऱ्या कशावरूनही भांडणं होत, पाण्यावरून फारशी होत नसत, कारण वाटीशी भांडता येत नाही. मात्र दर हंगामात तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, पहिल्यांदा उघडण्याआधी वडील वाटीचीच परीक्षा घेत. आम्हा बहिणींपैकी एकीला घमेल्याशी बसवत आणि आपण तुडुमापासून पाळीवरून चालू लागत. वाटी बुडाल्याची हाक आम्ही दिली तेव्हा त्यांचे पाय तिसऱ्या आंब्याशी असायला हवेत. पाय पुढे-मागे असले तर त्या दिवशी पाणी सुटत नसे. 'वाटी साऱ्या गावाले मोजते,' ते म्हणत, 'पन वाटीले कोन मोजते?' मला ते वाक्य फार खोल वाटायचं. मी ते वहीत लिहून ठेवलं होतं. सोनाबाईने ते लिहून ठेवलं नाही. ती चौथीपर्यंत शिकलेली होती आणि लिहायचा तिला कंटाळा होता.

लग्नानंतर वर्ष भरायच्या आत तिचा नवरा तापाने गेला. आमच्याकडे तेव्हा तापाच्या माणसाला पाणी देत नसत. पाण्याने ताप आत शिरतो, असं सगळ्यांना पक्कं माहीत होतं. तिच्या सासूने माठ खोलीतून बाहेर काढवला, आणि तो माणूस दोन दिवस पाणी मागत राहिला. हे मला तिने सांगितलं नाही, मायने सांगितलं. सोनाबाई माहेरी आली ती बोलेनाशी होऊन, आणि दिवसकार्य उरकल्यावर एक दिवस म्हणाली, 'मले गोंदियाले पाठवा. दवाखान्यात बाया ठेवून राहिले.' स्टेशनापलीकडच्या बायकांच्या दवाखान्यात नर्सच्या कामासाठी उमेदवार घेत, ही बातमी तिने कुठून मिळवली ते मला आजही माहीत नाही. तिकडे सासरच्या माणसांनी वेगळंच ठरवलं होतं. धाकटा दीर दसरू याचीही बायको वारली होती, तेव्हा सोनाबाईने त्याच्याशी पाट लावावा. घरातली सून घरातच राहील, दोन चुली पेटवायला नकोत. बैठकीत पुष्कळ बोलणं झालं. शेवटी वडिलांनी पाणी वाटावं तसा निकाल दिला. सोनाबाईने दवाखान्यात उमेदवारी करावी आणि परीक्षेला बसावं. पास झाली तर ती मोकळी. नापास झाली तर शिमग्यानंतर पाट. दोन्ही बाजूंना निकाल पटला, कारण पास होईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

परीक्षेआधी उमेदवारांना महिनाभराची रजा मिळाली आणि सोनाबाई चोपडी घेऊन घरी आली. चोपडी प्रश्नोत्तरांची होती, मराठीत छापलेली, कोपरे वळलेली. मी तेव्हा गावात मराठी सातवी झालेली एकटी मुलगी होते, तेव्हा वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी ढेंकीवर माय धान कांडायची. तिच्या धप्-धप् आवाजावर मी प्रश्न वाचायचे आणि सोनाबाई लाखोळीची डाळ निवडत उत्तरं द्यायची. 'परिचारिकेचा पहिला गुण कोणता?' उत्तर होतं, 'स्वच्छता.' सोनाबाई म्हणायची, 'जागी राहनं.' मी म्हणायचे, 'असं लिहिलेलं नाही.' ती म्हणायची, 'मंग लिहिनाऱ्यानं रात्रपाळी केली नसन.' आठ दिवसांत चोपडी मला तोंडपाठ झाली. निरोगी मोठ्या माणसाच्या नाडीचे ठोके मिनिटाला बहात्तर, श्वास सोळा ते अठरा. नाडी तीन बोटांनी पाहावी, अंगठ्याने पाहू नये, कारण अंगठ्यात आपलीच नाडी उडत असते. श्वास मोजताना रोग्याला कळू देऊ नये; नाडी पाहून झाली तरी मनगट धरूनच ठेवावं आणि छातीकडे बघावं, कारण आपला श्वास कुणी मोजत आहे हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. मी हे घडाघडा म्हणून दाखवत असे आणि शेजारणी येऊन ऐकत. एक म्हणाली, 'शांतीलेच बसवा ना जी परीक्षेले.' मला ते मनातून पटलं होतं. पुढे एकदा गावात एकाचा पाय कुऱ्हाडीने कापला तेव्हा रक्त बघून मीच पडले, आणि सोनाबाईला आधी माझ्या तोंडावर पाणी मारावं लागलं, मग त्याचा पाय बांधावा लागला. पण ती गोष्ट नंतरची.

रोगी पलंगावर असताना चादर बदलणं हा परीक्षेतला मोठा भाग होता. दवाखान्यात गाद्या होत्या. आमच्याकडे बाज होती, सुंभाने विणलेली, आणि बाजेच्या कडेला चादर खोचायला जागाच नसते. सोनाबाईने पोत्यात धानाची तणस भरून गादी केली आणि मायला रोगी केलं. मायला एका कुशीवर वळवायचं, मळकी चादर गुंडाळत पाठीशी न्यायची, नवी अंथरायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून तिकडून ओढून घ्यायची. तणस टोचायची. 'मी मेली नाही अजून,' माय म्हणायची, 'कायले चारी बाजूनं खोचून राहिली?' चौथ्या दिवशी मात्र ती आपण होऊन बाजेवर येऊन पडली. म्हणाली, 'कर बाई, जन्मात कोनी अंथरून घातलं नाही मले.' आणि तशीच झोपी गेली. सोनाबाईने तिचं मनगट धरलं आणि दवाखान्यातल्या सवयीने मिनिटाचा अंदाज घेत छातीकडे बघत उभी राहिली. 'सोळा,' ती हळूच मला म्हणाली. चोपडीतला आकडा माणसात सापडतो याचं तिला नवल वाटलं होतं. मला त्यात नवल काय ते कळलं नव्हतं. लिहिलेलं होतंच की.

खरी अडचण घड्याळाची होती. परीक्षेला प्रत्येक उमेदवाराने सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ स्वतःचं आणायचं होतं. आमच्या घरात वेळ कोंबड्यावर, उन्हावर आणि छोट्या लाइनीच्या गाडीच्या शिटीवर चालायची. वडिलांनी दोन दिवस विचार केला. मग देवघरातली एक छोटी वाटी घेतली, दाभणाने तिच्या बुडाला भोक पाडलं आणि आम्हा दोघींना घेऊन स्टेशनवर गेले. स्टेशनमास्तर जबलपूरकडचे होते. खिशातलं घड्याळ काढून ते बाकावर बसले. वाटी फार लवकर बुडत होती. वडिलांनी विस्तवावर लाख वितळवली, काडीने भोकाच्या कडेला तिचा थेंब फिरवला, पुन्हा बुडवली. पुन्हा थोडी लाख. गाडी येऊन गेली तरी दोघांचं चाललंच होतं. शेवटी स्टेशनमास्तर म्हणाले, 'बस, पटेलजी. पूरा एक मिनट. अब इसको हाथ मत लगाना.' ते वडिलांना म्हणाले आणि वडिलांनी सोनाबाईला बजावलं. मी तेव्हा फलाटाच्या टोकाला भिंतीवरची जाहिरात वाचत होते.

त्या दिवसापासून सोनाबाई रोज सकाळी उठल्या उठल्या गडव्यातलं पाणी परातीत ओतून वाटी सोडायची आणि स्वतःची नाडी मोजायची. रोज चौऱ्याहत्तर. कधी त्र्याहत्तर. मी विचारलं, 'बाई, तू काय आजारी आहेस? स्वतःची कायले मोजतेस?' ती म्हणाली, 'मायी नाही मोजून राहिली.' मी पुढे विचारलं नाही, कारण चोपडीत असा प्रश्न नव्हता.

दसरू दर बाजाराच्या दिवशी यायचा. मला तो खलपुरुष वाटावा अशी माझी इच्छा होती, पण त्याने साथ दिली नाही. ओटीवर बसून तो धोतराच्या सोग्यातले उकडलेले शिंगाडे काढून माझ्यापुढे ठेवायचा आणि आत न बघता विचारायचा, 'अभ्यास कुठवर आला?' मी म्हणायचे, 'जखमा झाल्या, आता ताप सुरू आहे.' तो मान हलवायचा. एकदा त्याने मला विचारलं, 'त्या पुस्तकात तापात पानी द्याचं का नाही द्याचं, काही लिहिलं हाये का?' मी पान काढून वाचून दाखवलं: उकळून गार केलेलं पाणी थोडं थोडं, वारंवार द्यावं. त्याने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग शिंगाडे तसेच ठेवून तो उठून गेला. माझं वाचन स्पष्ट असल्यामुळे त्याच्यावर परिणाम झाला, असं मी घरात सांगितलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही गाडीने गोंदियाला गेलो: वडील, सोनाबाई आणि मी. दसरूही त्याच गाडीत पुढच्या डब्यात होता. निकाल त्याच्याही जन्माचा होता. आम्ही धर्मशाळेत उतरलो. सकाळी सोनाबाई वेणी घालत होती, वडील चहा आणायला गेले होते, आणि मी पिशवीतलं सामान लावत होते. वाटी हातात आली. तांबं काळवंडलेलं, आणि भोकाभोवती काळं चिकट काहीतरी बसलेलं. परीक्षा घ्यायला येणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरीणबाई हे बघणार होत्या. परिचारिकेचा पहिला गुण कोणता? मी नळावर गेले, राख आणि चिंच लावून वाटी चकचकीत घासली, आणि भोकातली घाण बाभळीच्या काट्याने नीट कोरून काढली. चोपडीच्या पाचव्या पानावर होतंच की, उपकरणं वापरण्यापूर्वी स्वच्छ करावीत. फडक्यात गुंडाळून मी ती पिशवीत ठेवली. कौतुक नंतर होईल, म्हणून कुणाला बोलले नाही.

वॉर्डाला लागून व्हरांडा होता आणि नातेवाईक तिथे बसत. मी खिडकीशी उभी राहिले. उमेदवार पाच होत्या. खाटेवर एक बाई तापाने पडलेली होती, आणि प्रत्येकीने तिची नाडी, श्वास आणि अवस्था सांगायची होती. सोनाबाईच्या आधीच्या मुलीकडे सोन्याचं घड्याळ होतं. तिने मनगट धरलं आणि सांगितलं, 'शहात्तर.' डॉक्टरीणबाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'तुमची तब्येत उत्तम आहे. आता अंगठा काढा.' मग सोनाबाई आली. तिने परात मागितली, पाणी ओतलं आणि वाटी काढली. वाटी लखलखत होती. बाकीच्या मुली हसल्या. मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, 'ये क्या है? पूजा करनी है क्या?' सोनाबाई हसली नाही. ती वाटीकडे बघत होती. मग तिने वाटी पाण्यावर सोडली आणि रोग्याला हात न लावता स्वतःचं मनगट धरलं.

वाटी बुडाली. सोनाबाईने खाली बघितलं आणि पुन्हा सोडली. पुन्हा तेच.

'काय झालं?' डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

'बाई, मायी नाडी चौऱ्याहत्तर राहते. ही वाटी साठ सांगून राहिली.'

'शांत असाल आज.'

'शांत नाही जी. हातपाय कापून राहिले. आज नाडी वाढली पायजे, घटली कशी?' तिने वाटी उलटी करून भोक पाहिलं, आणि मान वर केली ती थेट खिडकीकडे. माझ्याकडे तिने पाहिलं त्यात राग नव्हता. रोग्याकडे पाहावं तसं पाहिलं. 'कोनं तरी वाटी घासली,' ती म्हणाली. 'आता हे मिनिट सांगत नाही.'

'मग नाडी कशी सांगणार? दुसऱ्याचं घड्याळ देता येत नाही, नियम आहे.'

'आकडा नाही सांगता येनार,' सोनाबाई म्हणाली. तिने रोग्याचं मनगट तीन बोटांनी धरलं आणि डोळे छातीवर ठेवले. 'पन लई धावून राहिली. शंभराच्या वर आहे. श्वासही वर वर चालून राहिला. जीभ सुकली, ओठाले पापुद्रे आले. हिले पानी कोनं दिलं नाही.' मागे रोग्याची सासू उभी होती. ती म्हणाली, 'तापात पानी कोन देते?' सोनाबाईने डॉक्टरीणबाईंना विचारलं, 'देऊ का जी?' त्यांनी मान हलवल्यावर तिने कोपऱ्यातल्या भांड्यातलं उकळलेलं पाणी चमच्याने पाजायला सुरुवात केली. एक चमचा, मग थांबायचं, मग एक. परीक्षा आहे हे ती विसरली असावी, कारण पुढचा प्रश्न त्यांना दोनदा विचारावा लागला.

गावी परतायला आम्ही दुपारची गाडी धरली. मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. वडिलांनी वाटी हातात घेऊन उन्हाकडे धरली, भोकातून पाहिलं आणि परत पिशवीत ठेवली. त्यांनी मला एकच विचारलं, 'चिंच कोठून आनली व?' मी म्हटलं, 'मायनं लोणच्यासोबत दिली होती.' ते म्हणाले, 'हं.'

पंधरा दिवसांनी स्टेशनमास्तरांनी टपाल स्वतः आणून दिलं. नाडीच्या रकान्यात शून्य होतं. निरीक्षण आणि शुश्रूषेच्या रकान्यात पूर्ण गुण होते. नियम मोडला नव्हता आणि माणूसही नापास केलं नव्हतं. नागपूरच्या त्या बाईंना वडिलांनी पाणकर म्हणून ठेवून घेतलं असतं. बेरीज केली तेव्हा सोनाबाई काठावरून दोन गुणांनी पास होती. बेरीज मी केली, तीनदा.

पुढच्या बाजाराला दसरू आला. शिंगाडे आणले नव्हते. ओटीवर बसला आणि या वेळी आत बघून म्हणाला, 'वैनी, पास झाल्या म्हंतात.' सोनाबाई बाहेर आली. तो धोतराचा सोगा सारखा करत बसला. मग म्हणाला, 'तो माठ मीच उचलून नेला होता. मायनं सांगितलं म्हनून. भाऊ पाहून राहिला होता.' सोनाबाई म्हणाली, 'मले ठाऊक हाये.' त्याने मनगट पुढे केलं. 'मायीही पाहून द्या ना जी. बरोबर चालते का.' तिने समोर बसून तीन बोटं ठेवली. वाटी नव्हती, घड्याळ नव्हतं. तरी तिने मिनिटाहून जास्त वेळ धरून ठेवलं आणि म्हणाली, 'बरोबर आहे, भाऊजी.' तो उठून गेला. पुढे त्याने लांबच्या गावची बायको केली. तिची तिन्ही बाळंतपणं सोनाबाईने केली, आणि तिन्ही वेळा पाण्याचा माठ दसरूनेच आत आणून ठेवला.

पहिल्या पगारात तिने घड्याळ घेतलं आणि वाटी मला दिली. त्यानंतर ती गोंदियाच्या दवाखान्यात आणि आसपासच्या गावांत आयुष्यभर काम करत राहिली. मी शाळेत शिकवलं. वाटीबद्दल तिने मला कधी बोल लावला नाही. फक्त मी तिच्याकडे गेले की ती चिंचेचं मडकं वरच्या फळीवर ठेवायची आणि म्हणायची, 'शांते, भांडे राहू दे.' पन्नासेक वर्षं हा विनोद चालला. दर वेळी मी हसले, आणि दर वेळी तो मला लागला.

शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातल्या मुलीने तिच्या बोटाला चिमटा लावला आणि यंत्रावर आकडा उमटला. सोनाबाईने त्या मुलीला विचारलं, 'आधी आपल्या बोटाले लावून पाह्यलं का?' मुलगी हसली, गंमत समजून. ती मुलगी खोलीतून गेल्यावर मी सोनाबाईचं मनगट हातात घेतलं. तीन बोटं, अंगठा नाही. नाडी कधीच मोजून झाली होती, तरी मी हात सोडला नाही. छातीकडे बघत राहिले. तिने डोळे मिटलेलेच ठेवले. 'श्वास मोजून राहिली ना?' ती म्हणाली. 'मले समजते.' मी म्हटलं, 'नाही, बाई.' ती म्हणाली, 'मोज. मी तसाच घेते.'

वाटी माझ्याकडे आहे. भोकाला लाख नाही. पाण्यावर सोडली की मिनिट व्हायच्या आत बुडते.